सकाळी घुटमळणारी गाडी

गाडी अजिबातच सुरू होत नसती तर बरं झालं असतं, असं मला त्या हिवाळ्यात कितीदा तरी वाटलं. मग निदान मी तिच्या भरवशावर राहिलो नसतो. पण ती तशी नव्हती. किल्ली फिरवली की सेल्फ घरघरायचा, इंजिन एकदा खोकायचं, पुन्हा खोकायचं, आता पेटलंच असं वाटावं इतकं थरथरायचं आणि विझायचं. कधी चार-पाच प्रयत्नांनी लागायची, तर कधी ऊन बॉनेटवर येईपर्यंत नुसती घुटमळत राहायची. एकदा ऊन आलं, की पहिल्या झटक्याला चालू. मग दिवसभर तिच्यात काही दोष आहे असं कुणी म्हटलं नसतं.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. आम्ही मखमलाबाद रस्त्याला राहायचो. आता तिकडे वस्ती झाली आहे, पण ऐंशीच्या सुमाराला आमच्या घरापुढे पाट, पाटापलीकडे झेंडूचे आणि भाजीचे मळे, आणि मागे रिकामी माळरानं, एवढंच होतं. रिक्षावाले तिकडे यायला कुरकुरायचे. दवाखाना नदीपलीकडे, गावात. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "कळा सुरू झाल्या की लगेच घेऊन या. बघू, थांबू, असलं काही करू नका. मागच्या वेळेसारखं व्हायला नको."

मागच्या वेळेला ती माहेरी होती, पेठच्या पुढच्या एका गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. मूल आडवं आलं. गावातली एकुलती एक जीप बाजाराला गेलेली, ती परत येण्याची वाट पाहण्यात दुपार गेली. घाट उतरून नाशिकला पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. मी त्या दिवशी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी हटून बसलो. माझे मामा मुलाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली होती. राखाडी, गोल पाठीची, हँडल मारूनही सुरू होणारी. मी सासूबाईंना सांगितलं, या वेळी ती कुठेही जाणार नाही. दारात गाडी आहे. सासूबाईंना ते लागलं. आपल्या घरी नातवंड गेलं, म्हणून जावई आपल्यावर विश्वास ठेवत नाही, असं त्यांना वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, ते तसंच होतं. त्या नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आमच्याकडेच येऊन राहिल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, गाडी चांगली हाय ना?" मी हसून म्हटलं, "तुम्हालाच फिरवून आणतो."

तेव्हा ती खरंच चांगली होती. ती बिघडली ती खंडेनवमीनंतर, पण हे मला फार उशिरा कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. विळी, अडकित्ता, माझी शाळेची पेटी, सायकल, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच गाडी. एरवी गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, नारळ फोडतात, झालं. माझं तेवढ्यावर भागेना. मी विज्ञान शिकवणारा माणूस, पूजा उरकून टाकणारा. पण त्या दिवशी माझ्या मनात भीती इतकी होती, की गाडीचा एकही भाग पूजेतून सुटू नये असं मला वाटलं. बॅटरीला हळदकुंकू लावलं, कार्बोरेटरला लावलं. मग चारी प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारी जी डबी असते, डिस्ट्रिब्यूटर, तिचं काळं झाकण मी उघडलं. ठिणगी इथूनच निघते, हे मला माहीत होतं. ताम्हणातली ओली हळद बोटावर घेतली, झाकणाच्या आत ओढली, तिच्यावर कुंकू लावलं, हात जोडले आणि झाकण बंद केलं. बायको मागे उभी होती. "बाई गं, पोटात शिरून पूजा," असं म्हणून ती हसली.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, आणि गाडी घुटमळायला लागली.

पहिल्यांदा मी पेट्रोलला दोष दिला. त्या काळात पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्याच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. पंप बदलला. मग टाकीतला कचरा काढला, कार्बोरेटर उघडून धुतला. मग चोक. चोक ओढून पाहिला, न ओढता पाहिला, अर्धा ओढून पाहिला. प्लग काढून पत्र्यावर भाजले, पॉलिश पेपरनं घासले. बॅटरी चार्ज करून आणली. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक-दोन दिवस बरे जायचे आणि मी सुटकेचा श्वास सोडायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

शेजारचा फुलवाला शेतकरी पहाटे टेम्पोत झेंडूच्या पाट्या भरून मार्केटला निघायचा. मी बॉनेट उघडून उभा दिसलो, की तो बैलाला हाकावं तसा आवाज काढून म्हणायचा, "मास्तर, हिला बी शाळेत जायचा कंटाळा आला जणू." मग उतरून मागून धक्का द्यायचा. पाटाच्या बाजूला थोडा उतार होता, तिथे गाडी कधी कधी धक्क्यावर लागायची. सासूबाई ओट्यावरून बघत असायच्या. "माझ्या म्हशीला बी एवढं विनवावं लागत नाय," त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी सगळे हसले. पुढे पुढे कुणी हसेना.

आठवा लागल्यावर त्यांनीच एक तोड सुचवली. गावात, दवाखान्याच्या जवळच, बायकोची एक मावसबहीण राहायची. "शेवटच्या महिन्याला तिकडं नेऊन ठेवू पोरीला," त्या म्हणाल्या. इतकी साधी, शहाणी गोष्ट. मी नाही म्हणालो. त्यांच्याकडे दोनच खोल्या आहेत, माणसं फार आहेत, असं काहीतरी बोललो. खरं कारण हे होतं, की तिला तिकडे हलवलं असतं तर गाडी नालायक आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि माहेराला नाही म्हणून मी जो हट्ट केला होता, तोही चूक ठरला असता. माझा शब्द खरा ठरावा, म्हणून मी दोन जीव त्या इंजिनाला बांधून ठेवले.

मी गाडी नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. शाळा सुटल्यावर नेली, म्हणजे दुपारी, म्हणजे अर्थातच ती त्याच्या दारात पहिल्या झटक्याला चालू झाली. त्यानं तीनदा बंद केली, तीनदा सुरू केली. "इसमें काय खराबी आहे साहेब? एकदम मस्त आहे."

"सकाळी बघा ना."

"सकाळी तर मी पण नाय स्टार्ट होत." त्याची माणसं हसली. पण माझा चेहरा बघून तो थांबला, आणि मग त्यानं मनापासून तपासणी केली. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं, आतले पॉइंट घासले, फडकं घेऊन झाकण पुसायला लागला आणि त्याचा हात थबकला.

"ये पिवळं काय? पूजाचं आहे?"

"हो. खंडेनवमीचं."

"मग राहू दे. मी नाय पुसत." त्यानं झाकण अलगद परत बसवलं. मला त्याचं फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या पूजेचा मान ठेवणारा माणूस, असं मनात म्हणत मी घरी आलो.

पुढच्या सकाळी गाडी लागली नाही.

उपाय कळला तो बायकोच्या कपड्यांच्या दोरीवरून. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही थंडी थंडी म्हणताय, पण काल केवढं गार वारं सुटलं होतं, तरी लगेच लागली. परवा थंडी नव्हती, तर नाही लागली. परवा दोरीवरची लुगडी पिळून निघतील इतकी ओली होती, पाटावरचं दव पडून. काल वाऱ्यानं कोरडी ठणठणीत."

मी तिच्याकडे बघत राहिलो. वर्गात मी मुलांना शिकवायचो की ओलसर वस्तूतून वीज वाहते. दुसऱ्या दिवशी दव पडलं होतं. उजाडायच्या आधी मी तिला शाल पांघरून गाडीत बसवलं आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. "किल्ली फिरव," म्हटलं. सेल्फ घरघरला आणि त्या अंधारात मला दिसलं. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या कडेला निळसर उजेड फुटत होता. ठिणग्या प्लगांकडे जायच्या सोडून आतल्या आत सांडत होत्या. मी झाकण काढलं, टॉर्चच्या उजेडात धरलं. माझ्या बोटानं ओढलेला पट्टा तिथे तसाच होता, पिवळा, वर लाल. हळद दवानं ओली झाली होती आणि तिच्यातून एक काळी, केसाएवढी रेघ तारा जोडायच्या एका खुंटीपासून दुसरीपर्यंत गेलेली होती. वीज त्या रेघेवरून पळत होती.

"सापडलं का?" तिनं आतून विचारलं.

मी म्हटलं, "बघतो अजून."

फडकं माझ्या खांद्यावरच होतं. तिथल्या तिथे पुसून टाकलं असतं तर रेघ तेव्हा बारीक होती, कदाचित खरवडून निघाली असती. पण मी पुसू शकलो नाही. कुंकू पुसायचं? बायको पोटुशी, आधीचं मूल गेलेलं, आणि मी माझ्या हातानं लावलेलं कुंकू माझ्याच हातानं पुसू? मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मी, माझं बोट त्या झाकणाच्या जवळ जाऊन परत यायचं.

मग मी एक वेडेपणा सुरू केला. रोज संध्याकाळी झाकण काढून घरात आणायचो, फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचो आणि सकाळी परत बसवायचो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जावईबापू, हे काय शेकत ठेवलं? वांगं?"

"गाडीचा भाग आहे. ओल धरतो."

"आता हिला शेक पण द्यायचा? बाळंतीण कोण हाय या घरात?"

काही दिवस उपाय चालला. मग ती रेघ खोल जळत गेली आणि कोरडं झाकणही ठिणगी गिळायला लागलं. आता दुपारीसुद्धा गाडी अडखळायची. नववा लागला होता. मला जेवण जाईना. शाळेत फळ्यासमोर उभा असताना मी मनातल्या मनात किल्ली फिरवत असायचो. शेवटी एका संध्याकाळी, चुलीपाशी ते झाकण हातात धरून बसलो असताना, मी बायकोला सगळं सांगितलं. हळद, मिस्त्री, निळा उजेड, सगळं. किती दिवसांपासून मला माहीत आहे, तेही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही मला रोज सांगत होता, बघतो म्हणून." तिनं माझ्या हातातून झाकण घेतलं, पदराचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि खसखसून पुसलं. "माझं कुंकू इथं आहे," कपाळावर बोट टेकवून ती म्हणाली. "त्या डबीत नाही." सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

हळद निघाली. काळी रेघ निघाली नाही. चाकूनं खरवडली तर तिथं खाच पडली. नवं झाकण पाहिजे होतं.

नाशिकमधल्या दुकानांत त्या जुन्या गाडीचं झाकण मिळेना. एकानं सांगितलं, मालेगावला हायवेवर जुन्या गाड्या फोडतात, तिथे बघा. रविवार होता. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं अजून अवकाश होता. मी प्लगच्या तारांना दोऱ्याच्या गाठी मारून त्यांचा क्रम ठेवला, झाकण काढलं आणि नमुना म्हणून पिशवीत टाकलं. बायको दारात आली. "ते नेलं तर गाडी अजिबातच चालू व्हायची नाही ना?"

"तशीही कुठे होते? संध्याकाळच्या आत येतो."

"या लवकर," ती म्हणाली.

मालेगावला यंत्रमागांच्या खडखडाटात, सायकलींच्या गर्दीतून दुकानं पालथी घालत दुपार झाली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझं झाकण उलटसुलट करून पाहिलं, मागच्या ढिगात हात घातला आणि तसंच एक काढलं. "नवं नई शे भाऊ, पन चांगलं शे," तो म्हणाला. मी ते उजेडात धरून आतून पाहिलं. स्वच्छ काळं. कित्येक आठवड्यांनी मला भूक लागली. मी तिथे स्टँडवर बसून मिसळ खाल्ली. त्या मिसळीची चव मला अजून आठवते आणि आठवू नये असं वाटतं. कारण मी ती खात होतो तेव्हा घरी कळा सुरू झालेल्या होत्या.

परतीची एस्टी चांदवडजवळ पंक्चर झाली. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून झाकण पुन्हा पुन्हा पाहत होतो, खुशीत.

घरी आलो तेव्हा दाराला कुलूप. गाडी अंगणाच्या मध्येच आडवी उभी. शेजारच्या फुलवाल्याची बायको धावत आली. "मास्तर, वहिनींना नेलं ओ! दुपारच्यालाच लागलं त्यांना. वहिनी सांगत होत्या, गाडी नाय व्हायची चालू, पर आमच्या पोरांनी लय सेल्फ मारला, ढकलली बी. टेम्पो मार्केटात गेल्याला. तो यायची वाट बघत बसलो."

"मग?"

"मग तो आला आन् गेले. लय वेळ झाला ओ. लय वेदना होत्या त्यांना."

वाट बघत बसलो, ती म्हणाली. पेठला बसले होते, तसेच.

मी नवं झाकण बसवलं. दोऱ्याच्या गाठी होत्या म्हणून तारांचा क्रम चुकला नाही. पोरांनी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली होती. मी हँडल घातलं आणि मारलं. इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. घुटमळलं नाही, खोकलं नाही. एकसारखा, मऊ आवाज. आणि मी, बायको तिकडे आणि मी इकडे, हँडल हातात धरून क्षणभर तो आवाज ऐकत उभा राहिलो. त्या क्षणाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. सासूबाई व्हरांड्यात जमिनीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांनी फक्त बाजूला सरकून मला बसायला जागा केली. "मुलगी हाय," त्या म्हणाल्या. "रडली नाय लवकर. काचेत ठेवलीय."

बायको शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा मुलीबद्दल विचारलं. मी म्हटलं, आहे. तिनं डोळे मिटले.

मुलगी जगली. काचेच्या पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली. पण तिचा डावा हात उजव्यासारखा हलत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मताना ताण पडला, श्वास उशिरा लागला. मी त्यांना व्हरांड्यात गाठून विचारलं, तासभर आधी आणली असती तर? त्या चालता चालता थांबल्या. "तसं नाही सांगता येत, सर," म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज तेलानं चोळा तिचा हात. ते करा."

घरी आल्यावर सासूबाई पाय लांब करून मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. मी गाडी पुसायच्या, तेल तपासायच्या निमित्तानं बाहेरच राहायचो. मुलीकडे नीट बघायची माझी हिंमत होत नव्हती. एका सकाळी त्यांनी हाक मारली. "जावईबापू, इकडं या."

मी गेलो.

"हा हात धरा. मी पाणी घालते."

"मला नाही जमायचं. दुखवीन."

"तिला नाय दुखत. धरा की, घाबरता काय? तुमचीच हाय ना?"

बायको दारात उभी राहून बघत होती. मी तेलकट, इवलासा हात हातात घेतला. सासूबाईंनी दाखवलं तसं खांद्यापासून खाली दाबत आणलं. मग माझं बोट तिच्या तळहातावर ठेवलं. उजव्या हातानं ती काहीही घट्ट धरायची. इथे बोटं उघडीच राहिली.

"नाही धरत," मी म्हटलं.

"आज नाय धरत," सासूबाई म्हणाल्या आणि तांब्या उचलला. "उद्या परत धरा."

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी परत धरला. मग रोजच धरायला लागलो.